ताप आल्यावरचा पहिला तास

गावातल्या एखाद्या लहान मुलाला ब्लड कॅन्सर झाल्याचे कळले की आपल्याकडे माणसे स्वस्थ बसत नाहीत. गणेश मंडळ वर्गणी गोळा करते, शाळेतले शिक्षक पगारातून काही बाजूला काढतात, कुणीतरी मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुका, सगळीकडे हे होते आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण ही धावपळ किमोच्या खर्चापाशी थांबते. उपचार सुरू झाला, मूल चार दिवस घरी आले, की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. एक मोठा धोका मात्र तेव्हाच सुरू झालेला असतो. उपचार चालू असताना जी मुले दगावतात त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हे आहे, आणि त्यातही रक्तात शिरलेला. त्याच्याशी झुंजायला ताप चढल्यानंतरचा जेमतेम एक तास हाताशी असतो. दूरच्या गावातल्या मुलाच्या वाट्याला तो तास येणे आज कठीण आहे. तो मिळवून देता येईल आणि त्यासाठी एकही नवे रुग्णालय बांधावे लागणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती अजून घरोघरी पोचलेली नाही. मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा ब्लड कॅन्सर, आणि तो बरा होतो. श्रीमंत देशांत या आजाराची दहापैकी जवळपास नऊ मुले आज जगतात. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन पहिल्यांदा काही मुलांचा ल्युकेमिया तात्पुरता मागे हटवला. ते औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही प्रत्येक मुलाच्या कागदावर असते. औषधे बहुतेक जुनी आहेत, भारतात बनतात. तरीही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बरी होणारी मुले खूपच कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जो उपक्रम सुरू केला, त्याचे २०३० पर्यंतचे उद्दिष्ट निदान ६० टक्के मुले जगावीत एवढेच आहे. नव्वद आणि साठ यांच्यामध्ये जी मुले आहेत त्यांतल्या काहींचे निदान उशिरा होते, काहींचे आईबाप दमून उपचार अर्ध्यावर सोडतात, काहींचा आजार उलटतो. आणि काही मुले, ज्यांच्या रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी औषधाने जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, ती दोन दिवसांच्या तापाने जातात. मला सर्वांत जास्त सलते ते हे शेवटचे.

हे कसे होते ते नीट समजून घ्यावे लागेल. उपचाराचा पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा असतो. त्यात दिलेली औषधे कॅन्सरच्या पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मारतात. जंतूंवर पहिली झडप घालणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड हजाराच्या वर असाव्या लागतात. या काळात त्या पाचशेच्या खाली जातात, कधी शंभराच्याही. आईबाप याला ‘काउंट पडला’ म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा बदलतो. त्याच औषधांनी तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटते. एरवी आतड्यात गुपचूप नांदणारे ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू त्या सोलवटलेल्या जागेतून थेट रक्तात उतरतात. दुसरी वाट म्हणजे छातीत किंवा दंडात बसवलेली लाईन, औषध सोडायची बारीक नळी. रोज रोज शीर शोधून टोचायला नको म्हणून ती बसवतात, ती मोठीच सोय आहे, पण तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. टोपणावर बसलेला जंतू तिथवर सहज पोचतो.

म्हणजे बऱ्याच वेळा जंतू मुलाच्या स्वतःच्याच पोटातला असतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मुलाला ताप आला की घरात पहिला जाब आईला विचारला जातो. बाहेरचे काय खायला दिलेस? पाणी उकळले होतेस ना? कुणाला जवळ येऊ दिलेस? आधीच खचलेली बाई आणखी खचते आणि पुढच्या वेळी ताप सांगायला कचरते, आधी स्वतःच गोळी देऊन बघते. स्वच्छता हवीच. हात धुवायला हवेत, उघड्यावरचे खाणे नको, आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांची रीघ थांबवायला हवी, कितीही जवळची माणसे असली तरी. पण ताजे शिजवलेले घरचे जेवण सोडून बाकी सगळ्याला बंदी घालणारे कडक पथ्य पाळल्याने संसर्ग कमी होतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट अशा पथ्याने मूल वाळते, आणि वाळलेले मूल संसर्गापुढे लवकर हार मानते. नाचणीची आंबील, गरम भाकरी, नीट शिजलेली आमटी, अंडे हे सगळे मुलाने पोटभर खावे. ताप येणे हा आईचा गुन्हा नाही. ताप लपवावा लागणे हा मात्र आपल्या सगळ्यांचा दोष आहे.

आता तासाचे. चांगल्या प्रकृतीच्या मुलाला जंतुसंसर्ग झाला की कुठेतरी सूज येते, पू होतो, घसा लाल होतो, डॉक्टरांना काहीतरी दिसते. पू तयार होतो तो याच पांढऱ्या पेशींमुळे. त्याच नसल्या तर दिसायला काही उरत नाही, फक्त ताप. थर्मामीटरवर एकदाच १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती अत्यंत निकडीची स्थिती समजायची असा जगभरचा नियम आहे. ताप आल्यावर शक्य तितक्या लवकर, दवाखान्यात पोचल्यापासून साठ मिनिटांच्या आत तर नक्कीच, शिरेतून अँटिबायोटिक गेले पाहिजे. काही जंतू सकाळी हसत असलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत, नेतात. पहिल्या टप्प्यात मुलाला स्टेरॉइडही चालू असते, ते तापालाच दाबून ठेवते. मग अंग गरम नसतानाही मूल मलूल पडते, हातपाय गार होतात, लाईनमधून औषध सोडल्यावर हुडहुडी भरते. ही लक्षणेही तापाइतकीच गंभीर मानायची.

समजा, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूच्या एखाद्या वाडीतले मूल आहे. जुलै महिना आहे, धो धो पाऊस आहे, रात्रीचे दहा वाजलेत. अंग गरम लागते. घरात थर्मामीटर नाही, कारण डिस्चार्ज देताना तो विकत घ्या असे कुणी बजावून सांगितलेले नाही. पॅरासिटामॉल दिले, तासाभराने घाम येऊन ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे पुन्हा चढला. उजाडल्यावर जवळच्या गावातल्या डॉक्टरकडे नेले. त्यांनी कमरेत सुई मारली. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला ही सुई देऊच नये, आत रक्त साकळते आणि तिथेच नवा संसर्ग धरतो, पण त्यांच्यापुढे कुठलाच कागद नव्हता. दुपारी ताप हटेना म्हणून खानापूरला. तिथे फाईल बघून, आमच्याकडे ही सोय नाही, बेळगावला न्या, असे सांगितले. बेळगावला पोचल्यावर, ज्यांनी किमो दिला तिकडेच न्या. तो दिला हुबळीला, किंवा मिरजेला, किंवा परळला. या सबंध साखळीत कुणीही दुष्टपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपल्या परीने बरोबर माणसाकडेच पाठवले. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस वीस तासांनी गेला.

हे उदाहरण मी रचलेले आहे, पण या भागात राहणाऱ्या कुणालाही ते अशक्य वाटणार नाही. भीमगड अभयारण्यातल्या आमगावसारख्या गावांतून पावसाळ्यात आजाऱ्याला तात्पुरत्या स्ट्रेचरवर घालून खांद्यावरून चालत आणावे लागते, हे आपण दरवर्षी वाचतो. तिथला रस्ता हा वेगळ्या आणि मोठ्या लढ्याचा विषय आहे. पण रस्त्यापर्यंत आलेल्या मुलाला पहिल्या सरकारी दवाखान्यातच औषध मिळावे, एवढे तर आज ठरवता येते.

माझी मागणी अशी आहे. किमो चालू असलेले मूल तापाने फणफणत कुठल्याही तालुका रुग्णालयात आले, तर ते कुठल्या राज्यात नोंदलेले आहे, कार्ड कुठले आहे, फाईल कुणाची आहे, यातले काहीही न विचारता पहिला डोस तिथेच द्यावा आणि मगच पुढे पाठवावे. छातीतल्या पोर्टला, म्हणजे लाईनच्या कातडीखाली बसवलेल्या डबीला, हात लावायची गरज नाही, त्याला वेगळी सुई लागते आणि सराव लागतो. हातातल्या शिरेतून द्यावे. आधी कल्चरच्या, म्हणजे रक्तात कुठला जंतू वाढतो ते तपासायच्या, बाटलीत रक्त घ्यावे आणि ती बाटली मुलासोबत बेळगावला पाठवावी. बाटली नसेल तर तिच्यासाठी औषध अडवू नये. औषधही कुठलेही चालणार नाही. दवाखान्यात सहज सापडते ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पण स्यूडोमोनास नावाच्या घातक जंतूवर ते भरवशाचे नाही. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखे औषध लागते. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची जेनेरिक कुपी बाजारात मिळते. उपचार करणाऱ्या केंद्राने प्रत्येक मुलासाठी औषधाचे नाव, वजनाप्रमाणे मात्रा आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर एका जाड कार्डावर लिहून द्यावा. मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे तेही. तालुक्याच्या डॉक्टरने त्या कार्डाबरहुकूम वागावे आणि तसे वागल्याबद्दल त्याला कुणी जबाबदार धरू नये, असे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने लेखी द्यावे.

हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळीला असलेला तरुण डॉक्टर घाबरतो, आणि त्याचे घाबरणे मी समजू शकते. कॅन्सरचे मूल आपल्या हातून गेले तर नातेवाईक तोडफोड करतील, चौकशी लागेल, म्हणून तो हात न लावता पुढे पाठवतो. त्याला धीर द्यायचा असेल तर भाषणे उपयोगाची नाहीत, सही-शिक्क्याचा कागद लागतो. एक डोस दिला आणि नंतर काउंट चांगला निघाला तर मुलाचे सहसा काही बिघडत नाही. दिला नाही आणि काउंट पडलेला निघाला तर गेलेला वेळ परत येत नाही. दोन चुकांमधली कुठली परवडते हे त्याच्या वरिष्ठांनी आधीच ठरवून द्यायला हवे, मध्यरात्री त्याच्या एकट्यावर सोडायला नको.

आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचे, कारण ते टाळून इथे काहीच बोलता येत नाही. १९५६ पासून आपण हा प्रश्न उराशी बाळगून आहोत, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दलचे माझे मत या भागातल्या बहुतेक मराठी माणसांपेक्षा वेगळे नाही. पण निपाणीच्या मुलाला कोल्हापूर जवळ पडते, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. खानापूरच्या लोकांना चोर्ला घाटातून गोवा परिचयाचा आहे. हल्याळचे लोक धारवाड-हुबळीकडे वळतात. मोठ्या उपचाराला कुणी बंगळूरच्या किडवाईला जातो, कुणी मुंबईच्या टाटाला. आजारी माणसाने राज्याची हद्द कधीच मानली नाही. कागद मात्र मानतात. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले तेव्हा कर्नाटकाने तीव्र आक्षेप घेतला, आणि आरोग्याचा प्रश्न पुन्हा हद्दीचा प्रश्न होऊन बसला. त्या निर्णयामागच्या भावनेचे मला मोल आहे. पण त्याने तापाचा तास सुटत नव्हता, कारण ताप येतो तो नेहमी कर्नाटकातल्या घरात, आणि पहिले दार असते ते कर्नाटकातल्याच दवाखान्याचे. कोरोनाच्या काळात कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरच्या कागदासाठी अडकलेल्या गाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना वेगळे काही सांगायला नको.

म्हणून ही मागणी मी दोन्ही सरकारांकडे, पण आधी कर्नाटकाकडे करते. महाराष्ट्रातल्या रुग्णालयाने लिहिलेले कार्ड बेळगाव जिल्ह्यातल्या तालुका रुग्णालयात चालले पाहिजे आणि हुबळीच्या रुग्णालयाचे कार्ड कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात. बेळगाव, कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून हे ठरवले तर कुणाचाही दावा कमजोर होत नाही. कार्ड कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असावे. हे कुणाचे लाड नव्हेत. ज्या भागात पंधरा टक्के किंवा अधिक लोक अल्पसंख्य भाषा बोलतात तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या, हे देशभर मान्य झालेले संरक्षण आहे. ताप किती झाला की निघायचे, ही सूचना आईला वाचता आलीच पाहिजे.

रुग्णालयांनाही थोडे सांगायचे आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरहून अधिक अतिदक्षता विभागांनी लाईन बसवताना पाच साध्या गोष्टी पाळल्या: हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्सिडीनने कातडी पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, गरज संपताच लाईन काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार लाईनमुळे होणारे रक्तसंसर्ग तिथे ६६ टक्क्यांपर्यंत घटले. ते जवळजवळ सगळे मोठ्या माणसांचे विभाग होते, पण तत्त्व मुलांनाही लागू आहे. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. लागली ती माणसे, आणि चुकत असेल तर डॉक्टरलाही थांबवायचा परिचारिकेला दिलेला अधिकार. आपल्याकडे एका सिस्टरकडे इतके पलंग असतात की लाईनचे टोपण पंधरा सेकंद घासून पुसायला सांगणे तिची थट्टा केल्यासारखे वाटते. म्हणून सिस्टरला दोष देण्याआधी तिच्या पाळीत आणखी एक सिस्टर मागावी. आणि बालकर्करोगाचे उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, वर्षात किती मुलांना रक्तसंसर्ग झाला आणि ताप ते पहिला डोस यात किती वेळ गेला, हे आकडे जाहीर करावेत. पालकांना ते विचारायचा हक्क आहे.

यात आपलाही वाटा आहे. पहिल्या तासात दिलेले औषध लागू पडले पाहिजे ना? भारतातल्या मोठ्या केंद्रांत या मुलांच्या रक्तात सापडणारे कितीतरी जंतू आता नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. मेरोपेनेमसारख्या राखून ठेवायच्या औषधालाही क्लेबसिएला जुमानत नाही असे वारंवार दिसते. मग कोलिस्टिन, ज्याने मूत्रपिंडाला त्रास होतो. हे जंतू असे निगरगट्ट का झाले? सर्दीला मेडिकलमधून आणलेले अ‍ॅझिथ्रोमायसिन, तीन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडलेला कोर्स, चिठ्ठीशिवाय मिळणारी पुडी. मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद ठेवायची. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळण्यावर २०१९ मध्ये देशभर बंदी आली. केरळने २०२४ मध्ये औषध दुकानांवर अचानक तपासण्या सुरू करून आपण हे गंभीरपणे घेतो असे दाखवले. आपल्या बाजारपेठेत असे काही घडताना मला दिसत नाही, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून ते घडू द्यायलाही फारसे तयार नाही. तुमच्या माझ्या घरात सर्दीवर वाया गेलेली गोळी शेजारच्या गल्लीतल्या काउंट पडलेल्या मुलाचे औषध बोथट करते. त्या मुलासाठी वर्गणी काढणारे आपणच, आणि त्याच्या वाट्याचे औषध निकामी करणारेही आपणच, हे मला सहन होत नाही.

अशी मुले किती, असे कुणी तरी म्हणेल. एका तालुक्यात थोडीच असतील, तालुका रुग्णालयात दहा कामे पडलेली असताना एवढ्यांसाठी वेगळी व्यवस्था कशाला? मुले थोडी आहेत हे खरे, आणि म्हणूनच हे करणे स्वस्त आहे. प्रत्येक मूल कोणत्या गावात आहे हे आशाताईंना माहीत असते. त्यांच्याकडे नावे आहेत, फोन आहेत. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हल्याळ इथल्या प्रत्येक तालुका रुग्णालयात वेळोवेळी तारीख तपासलेल्या चार कुप्या आणि चार कल्चर बाटल्या एवढाच साठा लागेल. मुलाच्या घरी एक डिजिटल थर्मामीटर. रात्री निघायची वेळ आली तर १०८ ला आधीच कळवलेले गाव. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात दर हिवाळ्यात अधिवेशन भरते, तेव्हा आपल्या आमदारांनी हद्दीच्या ठरावांबरोबर हाही प्रश्न लेखी विचारावा: बेळगाव जिल्ह्यातल्या किती तालुका रुग्णालयांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आज कपाटात आहे, आणि त्या कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते?